भाल्याला बांधलेल्या मुंडावळ्या

नांदेड,
चैत्र वद्य पंचमी, शके १८६१

उद्धव,

वर श्रीकार नाही, 'प्रिय' नाही, नमस्कार नाही. शोधत बसू नकोस. तुझ्यासाठी दौतीत टाक बुडवला एवढंच पुष्कळ झालं.

काकूंचा निरोप मिळाला. व्यंकट लग्नात जेवला न्हाई, अक्षता टाकून तसाच निघून गेला, पोराचं काय बिनसलं म्हणून विचारतायत. त्यांना सांग, बिनसलं आहे ते त्यांच्या स्वतःच्या पोराचं. सख्ख्या बहिणीचं लग्न त्यानं एका भाल्याशी लावून दिलं आणि वर पंगतीत तूप वाढत फिरला.

मला माहीत आहे, तू म्हणशील खांडा लावायची चाल आपल्यात जुनीच आहे. नवरा मोहिमेवर असला की त्याची तलवार येते, तिच्याशी लग्न लागतं. पण अण्णाराव देशमुख कुठल्या मोहिमेवर होता रे? तू पाहुण्यांना सांगत होतास, वकिलीची परीक्षा आहे. मी त्याच आठवड्यात हैदराबादेत त्याला मलकपेठच्या रेसकोर्सवर पाहिला होता, रेशमी फेटा, हातात दुर्बीण. त्याला खेड्यातली बायकोच नको होती. आणि त्याच्या बापाला, शेषेराव देशमुखाला, गढीत सून हवी होती, आणि तुला त्याच्या वशिल्यानं लातूरच्या तहसिलीत पेशकाराची नोकरी. तिघांचं जमलं. मधे सिंधु होती, ती कुणाच्या हिशेबातच नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत तुझ्या ओसरीवर मी सिंधुला मागणी घालायचं बोललो, तेव्हा तू काय म्हणाला होतास? "आईच्या कानावर घालतो, तू काळजी करू नको." मग घातलंस कानावर? का करोडगिरीच्या नाक्यावरच्या मुन्शीचं पोरगं म्हणून जीभ आखडली? माझे वडील व्यापाऱ्यांचे बोजे तपासतात. हाव, तपासतात. आमच्या घरात चोरीचा माल येत नाही एवढं तरी आहे.

कॉलेज मी सोडलं. इथं सगळ्यांना वाटतं वंदे मातरमच्या संपात मला काढलं. परवा इथंच वजिराबाद मोहल्ल्यात एकानं हार घातला. मी घालून घेतला. आता त्याला काय सांगू, की बाबा, मातेसाठी नाही, एका भामट्याच्या बहिणीसाठी वर्गातून उठून आलो?

असो. मुद्द्याचं ऐक.

अंतरपाट दूर झाला तेव्हा मी अगदी पुढं होतो. भाल्याला शेला गुंडाळलेला, वर मुंडावळ्या. सिंधुनं हार घातला आणि मान वर करून त्याच्या टोकाकडं पाहिलं. ती रडत नव्हती. मंगलाष्टकं संपली आणि धरणाऱ्यानं भाला जरा खाली टेकवला. फरशीवर तो घंटेसारखा वाजला.

आपला भाला असा वाजत नाही. आपल्या भाल्याला वेळूचा दांडा असतो, खाली लोखंडाची टोपी असली तर असली. हा अर्धाअधिक लोखंडाचा असल्यासारखा वाजला. वर शेंदराची एवढी जाड पुटं, की पातं कुठं संपतं आणि दांडा कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. पण तो आवाज मी ओळखला. तू पण ओळखलास. हैदराबादेत आपली खोली कुठं होती? निजामाच्या हबशी रिसाल्याच्या वस्तीला लागून. ईदेच्या दिवशी म्हातारे हबशी भाले आपटत नाचायचे तेव्हा तू खिडकीत बसून ताल धरायचास.

देशमुख सांगतात, त्यांच्या आजोबांनी रोहिल्यांच्या धाडीत या भाल्यानं दरवाजा राखला. मी शोधून काढणार आहे तो भाला कुणाचा. आणि तो देशमुखांचा नाही निघाला, तर ते लग्न कुणाशी लागलं हे सगळ्या गावापुढं विचारणार आहे. तुझ्या पेशकारीवर मग लोक काय थुंकतील ते बघू.

व्यंकट


सोनमाळ, लोह्याच्या अलीकडं,
अधिक श्रावण शुद्ध दशमी

उद्धव,

पत्ता बघून दचकलास ना? मी तुझ्या बहिणीच्या सासरी राहून राहिलो आहे. पाहुणा म्हणून, आणि ते सुद्धा मानाचा.

शेषेराव देशमुखांना घराण्याचा इतिहास लिहून हवा होता. तालुक्यात कुणाकडं बीए झालेला माणूस नाही, तर अर्धा बीए चालला. पहिल्याच दिवशी मला समोर बसवून म्हणाले, "लिवा, बिनधास्त लिवा. फकस्त आमचे आजोबा घोड्यावर पाहिजेत."

"दरवाजा राखताना घोड्यावर कसे असतील, सरकार?"

"मग दरवाजा राखून झाल्यावर बसवा."

"घोडा कोणत्या रंगाचा लिहू?"

"तुमाला बरा दिसंल तो लिवा. तुमी शिकलेले."

मला हसू आलं आणि हसलो म्हणून स्वतःचा राग आला. माणूस वाईट नाही, उद्धव. ते जास्त वाईट आहे. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

भाला सदरेतल्या कोनाड्यात उभा आहे. तुझी बहीण रोज सकाळी त्याला अंघोळ घालते. सासूबाईंनी सांगितलं आहे, नवऱ्याच्या आधी बायकोनं जेवू नये, आणि नवऱ्याला न्हाऊ घातल्याशिवाय वाढू नये. अण्णाराव हैदराबादेत. मग न्हाऊ कुणाला घालायचं? भाल्याला. बंबातल्या कढत पाण्यानं. आजवर या घरानं त्याला नुसता शेंदूर चोपडला होता, पाणी कधी लावलं नव्हतं. कढत पाण्यानं तेल सुटलं आणि आषाढात एका सकाळी खालच्या अंगावरची शेंदराची अख्खी खोळ निखळून परातीत पडली. सासूबाईंनी घंटा वाजवली. देवानं कात टाकली म्हणून गावजेवण घातलं. ती खोळ फडक्यात बांधून नांदेडला गंगेत सोडायला आणली, तेव्हाच मी घाटावर शेषेरावांना गाठलं आणि इतिहासाचं बोलणं काढलं. बघ, तुझ्या बहिणीनंच मला रस्ता काढून दिला. तिला ठाऊक नसेल.

आता पाहिलं मी नीट. खालचं अंग सबंध लोखंडी, चौकोनी, टोकाकडं निमुळतं होत गेलेलं, जवळजवळ माझ्या कमरेएवढं लांब. मधे लाकूड मूठभरच. काळं, गुळगुळीत, आपल्याकडचं कुठलंच नाही. वरच्या जोडावर कातड्याची पट्टी ओली असताना घट्ट गुंडाळलेली, सुकून लाकडात रुतलेली. एकही खिळा नाही. पात्यावरचा शेंदूर मी नखानं काढला. पातं लांबलचक, अरुंद, मधोमध उंच कणा. कुठल्याही मराठी शिलेखान्यात असं पातं नसतं. मी अख्खा भाला कागद लावून उतरवून घेतला. सासूबाई म्हणाल्या, "काय करून राहिलात?" म्हटलं, पुस्तकात चित्र छापायचं आहे. त्या खूश झाल्या, म्हणाल्या, "जरा जाड काढा, बारीक दिसतोय."

सिंधुशी बोललो. तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. ती ताक द्यायला सदरेत आली होती, डोक्यावर पदर. मला 'व्यंकटराव' म्हणाली. लातूरला सोंगट्या खेळताना माझी सोंगटी चोरायची आणि तोंड वर करून म्हणायची, "चोरली न्हाई, जिंकली." ती आता व्यंकटराव म्हणते.

मी म्हटलं, "बरं चाललंय का?"

"बरं तर हाय. नवरा गरीब हाय माजा."

"गरीब?"

"बोलत न्हाई, मारत न्हाई, जेवताना मीठ कमी हाय म्हणत न्हाई. हाक मारली की जागेवरच असतो." आणि हसली. "शेजारणी जळतात माज्यावर."

"सिंधु, दसऱ्याला अण्णाराव येणार आहे. शेषेरावांनी तंबी दिलीय त्याला."

तिचं हसू गेलं. ताकाचा तांब्या खाली ठेवला. "आयकलंय," म्हणाली. "मंग काय करायचं म्हंता?"

"दसऱ्याच्या आत हे लग्नच खोटं ठरवून दाखवतो."

तिनं तांब्या माझ्याकडं सरकवला. मग म्हणाली, "ठरवा की. तुमास्नी लई हौस." आणि आत गेली.

यात होकार आहे, उद्धव. मी तिला ओळखतो. ती अशीच बोलते.

तुझ्या घरून धोंड्याच्या महिन्याचं वाण आलं. जावयासाठी अनारसे, चांदीचं निरांजन, धोतरजोडी. जावई नाही, म्हणून सगळं तबक भाल्यापुढं ठेवलं आणि सासूबाईंनी भाल्याच्या कमरेला धोतर गुंडाळलं. अनारसे शेवटी इतिहासकारानं खाल्ले. काकूंना सांग, चांगले खुसखुशीत झाले होते. त्यांच्या हातचं मी शेवटचं खाल्लं, हेही सांग.

एक गोष्ट राहिली. काल शेषेराव लहानपणाचं सांगत होते. इतिहासात घालायचं नव्हतं, सहज निघालं. त्यांच्या वडिलांच्या चाकरीत दरवाज्यावर एक काळा जमादार असे. हबशी. शेषेरावांना खांद्यावर घेऊन ओढ्यापर्यंत न्यायचा, शेषेराव त्याचे कान धरून घोडा-घोडा खेळायचे. एकदा दरोडेखोर आले. घरातले सगळे मागच्या धान्याच्या बळदात लपले. जमादार एकटा दारात उभा राहिला आणि दारातच मेला. ओढ्याकाठी त्याची मजार आहे. बायका पोरांच्या खोकल्यासाठी तिथं नारळ फोडतात. सांगून झाल्यावर शेषेराव उठून दारापर्यंत जाऊन आले. मग खाकरून म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. घोड्याचं लिवा."

मी घोड्याचं लिहिलं. पांढरा घातला.

व्यंकट


हैदराबाद,
भाद्रपद वद्य चतुर्थी

उद्धव,

आपल्या जुन्या खोलीत आता दोन तेलंगी पोरं राहतात. खिडकीला पडदा लावलाय. तुझी ताल धरायची जागा गेली.

मी मरजान जमादारांकडं आलो होतो. आठवतात? हबशी रिसाल्यातून निवृत्त झालेले, मिशा मेंदीनं लाल, आपल्याला पाहिलं की "ओ कॉलेज वालो, पढ़ते हो के खिड़की गिनते हो" म्हणून ओरडायचे ते. अजून तसेच ओरडतात. आधी चहा पाजला, मग अर्धा दिवस आपल्या आजोबांचे पराक्रम ऐकवले. आजोबांनी वाघ मारला, आजोबांनी इंग्रज साहेबाला मिठीत उचलला. कागद उलगडल्याबरोबर म्हणाले, "ये? ये तो मेरे दादा का भाला है!"

"बघितलं तरी नीट, जमादारसाहेब?"

"क्या देखना? अच्छा भाला है ना? तो दादा का है."

मी म्हटलं, असं चालणार नाही. तुमच्या भिंतीवरचा काढा आणि शेजारी ठेवून बघा. तोंड वाकडं करत त्यांनी काढला. दोन्ही ठेवले, माझा कागद आणि त्यांचं लोखंड. खालचं चौकोनी अंग तेच, मधलं मूठभर लाकूड तेच, कातड्याची पट्टी तीच. पातं मात्र वेगळं. त्यांच्या आजोबांच्या भाल्याचं पातं रुंद आणि आखूड, पिंपळाच्या पानासारखं. माझ्या कागदावरचं लांब, अरुंद.

म्हाताऱ्याची फुशारकी गेली. बोट लावून लावून पाहिलं. मग सांगू लागले. हे दोन्ही समुद्रापलीकडचे, मोंबासा बंदरापासून आत बरेच दिवस चालत गेलं की गुरं राखणाऱ्यांचा मुलूख लागतो, तिथले. खालच्या लोखंडानं भाला जमिनीत रोवून ठेवतात आणि गुरांकडं पाहत त्याच्या शेजारी उभे राहतात. म्हणून ते अंग एवढं लांब आणि जड. आखूड पात्याचे जुने, आजोबांच्या वेळचे. लांब पात्याची पद्धत मागून आली. असे भाले बंबईच्या गोदीत उतरलेल्या खलाशांनी आणले ते मरजान जमादारांच्या वडिलांच्या तरुणपणी. "मेरे बावा कू ऐसा एक होना था," म्हणाले. "मिलाच नै."

समजलं का तुला? रोहिल्यांची धाड त्याच्या किती आधीची! देशमुखांचे आजोबा मेले तेव्हा असा भाला या देशात उतरलाही नव्हता. उतरला तो शेषेरावांच्या बापाच्या काळात. आणि त्या काळात सोनमाळच्या दरवाज्यावर भाला घेऊन कोण उभं होतं? बळदात लपले ते देशमुख नव्हे. काळा जमादार. शेषेराव मूल होते, त्यांना मोठ्यांनी जे सांगितलं ते त्यांनी धरलं. मेलेल्या चाकराचं हत्यार उचललं, शेंदूर फासला, आजोबांच्या नावावर चढवलं.

मला एवढा आनंद झाला की मी खुर्चीवरून उठलो. म्हातारा माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "मियां, ये इत्ता पूछ के कां लेजारे?"

मी कागदाची घडी घातली.

"हमारे भाले कू गाली बना के लेजारे क्या?"

मी म्हटलं, तसं नाही, इतिहास लिहितोय. त्यांनी आपला भाला परत भिंतीवर टांगला आणि पाठ माझ्याकडं ठेवूनच म्हणाले, "चाय पी लिये ना? खुदा हाफिज."

म्हाताऱ्याला काय ते कळलं असेल तर कळू दे. मला त्याच्या मनासाठी थांबता येणार नाही. हाव, शिवी म्हणूनच नेतो आहे. सबंध गावापुढं म्हणणार आहे, देशमुखांची सून चाकराची बायको. एका वाक्यात देशमुख पण गेले, तू पण गेलास. आणि लग्न मोडलं की सिंधु मोकळी. मग तिला मागणी घालायला मी तुझ्या दारात येणार नाही. ती स्वतःच्या पायानं माझ्या घरी येईल.

व्यंकट


सोनमाळ,
आश्विन शुद्ध पंचमी

उद्धव,

दोन ओळी. खंडेनवमीला सदरेत शस्त्रपूजा आहे. पूजेनंतर मी इतिहास वाचून दाखवणार. अण्णाराव आज आला, मोटारीतून. आल्याबरोबर सिंधुला पाहिलं आणि शेषेरावांना म्हणाला, "फोटोत बरी दिसत होती." माझ्यासमोर म्हणाला. ती पलीकडं तांदूळ निवडत होती, तिनं ऐकलं.

मोटारीचा ड्रायव्हर सांगतो, एकादशीला परत निघायचं आहे, बाईसाहेबांना घेऊन. हैदराबादेत त्याच्या मित्रांना खेडवळ बायको पाहायची आहे म्हणे.

तू ये. भाऊ म्हणून तुला बोलावणं आलंच असेल. पेशकारसाहेब म्हणून पहिल्या रांगेत बस. मला तुझा चेहरा बघायचा आहे.

व्यंकट


नांदेड,
आश्विन शुद्ध एकादशी

उद्धव,

तू आला नाहीस. ताप होता म्हणे. आता मला सगळं लिहावं लागतंय, आणि तेही मनानं नाही. जिनं लिहायला सांगितलं तिचं ऐकायचं आहे म्हणून.

सदर भरली होती. लोह्याहून दोन वकील, सगळं गाव, पडद्यापलीकडं बायका. शस्त्रं मांडलेली, मधे भाला. धुतलेला, वरचाही शेंदूर आता निघालेला. भटजींची पूजा झाली. शेषेराव म्हणाले, "वाचा, व्यंकटराव. घोडा आला की जरा जोरात वाचा."

मी कागद बाजूला ठेवला. वाचलं नाही, बोललो. मोंबासा, लांब पातं, कातड्याची पट्टी, रोहिले कधी आणि भाला कधी, सगळं. पहिल्यांदा लोकांना कळेना. मग कळलं. शेषेराव तक्क्याला टेकून ऐकत होते. माझं संपल्यावर शांतपणे म्हणाले, "बरं मग? चाकराच्या हातातलं हत्यार धन्याचंच असतंय. त्यात लिवायसारखं काय हाय?"

लोकांनी माना डोलावल्या. वकीलसुद्धा. मला वाटलं माझ्या तोंडातला घास काढून घेतला. मी ओरडलो, "मग चाकराच्या हत्याराशी लागलेलं लग्न? तेही धन्याचंच का? सरकार, तुमच्या सुनेनं माळ कुणाच्या गळ्यात घातली? बळदात लपला होता त्याच्या, का दारात मेला त्याच्या?"

अण्णाराव उठला आणि माझ्या मुस्काटात मारली. ओठ फाटला. मी त्याची कॉलर धरली. लोक मधे पडत होते तेवढ्यात पडदा बाजूला झाला.

सिंधु सदरेत आली, उद्धव. पुरुषांच्या बैठकीत. सासूबाई मागून हाका मारत होत्या, "अगं बाई, अगं बाई." ती भाल्यापाशी जाऊन उभी राहिली. अण्णारावकडं पाहिलं नाही. माझ्याकडंही नाही. शेषेरावांना म्हणाली, "मामंजी, त्यो जमादार खरंच दारात मेला का?"

शेषेराव तक्क्यावरून सरळ झाले.

"तुमी ल्हान व्हता. तुमी बघितला असंल."

"बघितला," ते म्हणाले. आवाज एवढा बारीक की पुढच्या रांगेलाच ऐकू गेला. "बळदाच्या फटीतून. ह्योच रोवून उभा व्हता."

एवढंच बोलले, पण बोलले. आजोबांच्या भाल्याची गोष्ट त्यांनी आपल्याच तोंडानं संपवली. मला वाटतं, बोलून झाल्यावर त्यांना कळलं.

सिंधु म्हणाली, "मंग माजं लगीन त्याच्याशी लागलं."

भटजी म्हणाले, असं होत नाही, मंत्रात गोत्र देशमुखांचं घेतलं आहे. ती म्हणाली, "गोत्र तुमी घेतलं, भटजीबुवा. हार मी घातला." अण्णाराव मोठ्यानं हसला. "मग आता काय, मेलेल्या हबशाची विधवा होतीस का?"

तिनं पदराच्या टोकानं कपाळाचं कुंकू पुसलं. मग दोन्ही हात भाल्याच्या खालच्या लोखंडावर आपटले. बांगड्यांचा आवाज झाला नाही एवढा भाल्याचा झाला. मनगटातून रक्त आलं. बायका किंचाळल्या. अण्णारावचं हसू अर्धंच राहिलं.

"झाले," म्हणाली. "आता मला मोटारीत कुणी बसवू नका. विधवेला मिरवायला नेत न्हाईत."

मी पुढं झालो. म्हटलं, "सिंधु, हे कशाला? लग्न खोटं ठरलं. तू मोकळी झालीस. चल."

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "कुटं चल?"

मी आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव बघत होतं.

"खोटं तुमी ठरवलं, व्यंकटराव. मी कवा म्हणाले? ह्या घरात आल्यापासनं ह्या भाल्यानं मला जेवढं सुखानं बसू दिलं तेवढं कुणी दिलं न्हाई. तुमी सांगितलं म्हणून कळलं, की ह्याच्यामागं माणूस व्हता आन् त्यो पळाला न्हाई. लई उपकार झाले." आणि मग विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं आपण पाहुण्याला गाव विचारतो, "नाव काय त्याचं?"

उद्धव, मला देश माहीत होता. बंदर माहीत होतं. पातं कुणाच्या काळातलं, कातडं कसं गुंडाळतात, भाला रोवून कसे उभे राहतात, सगळं माहीत होतं. नाव मी विचारलंच नव्हतं. कुणालाही. शिवी द्यायला नाव लागत नाही.

तिनं शेषेरावांकडं पाहिलं. ते म्हणाले, "आमी जमादारच म्हणायचो, पोरी." आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. ज्याच्या खांद्यावर बसून ओढ्यापर्यंत गेले त्याचं नाव त्यांनाही ठाऊक नाही.

सासूबाई म्हणाल्या, विधवा तर विधवा, इथंच कोपऱ्यात राहील. सिंधु म्हणाली, माहेरी जाते. अण्णाराव म्हणाला, जाऊ दे, बला गेली. शेषेराव बैठकीवरून उठले. मग दगडोबा गाडीवानाला हाक मारली, गाडी जुंपायला सांगितली आणि म्हणाले, "भाला तिच्यासंगं ठेवा. आडवा ठेवा, नीट, गवत घालून."

काल दसऱ्याच्या दिवशी ती निघाली. लोक सोनं लुटायला सीमेकडं चालले होते आणि ती उलट्या दिशेनं. मी गाडीबरोबर वेशीपर्यंत चाललो. म्हटलं, मी लातूरपर्यंत येतो. "नको," म्हणाली. म्हटलं, मग मी काय करू? ओठ सुजला होता, बोलायला नीट येत नव्हतं. तिनं पाहिलं, आणि एवढ्या सगळ्यात तिला जरासं हसू आलं. म्हणाली, "येवढं शोधलंत, आता नाव शोधा. सापडलं की या. न्हाई सापडलं तर येऊ नका. आन् माज्या भावाला कळवा, मी येतेय. तुमचं अक्षर चांगलं हाय."

तर कळवतो आहे.

उद्या-परवा गाडी तुझ्या दारात येईल. गाडीत तुझी बहीण आहे, पांढऱ्या कपाळाची, आणि एक भाला आहे. दोघांना आत घ्यायचं. माजघरातला कोनाडा रिकामा कर. काकू रडतील, रडू दे. तहसिलीतले लोक विचारतील, पेशकारसाहेब, हे काय? तू सांगायचंस, जावई आहेत. तेच शब्द. तू निवडलेले जावई. नाही सांगितलंस, तिला एक शब्द वाकडा बोललास, कोपऱ्यात बसवलंस, केसांना हात लावायला न्हावी बोलावलास, तर लातुरात तुझ्या कचेरीच्या पायरीवर उभा राहून हा सगळा इतिहास मी रोज सकाळी वाचेन. घोड्यासकट. मी काय करतो ते तू पाहिलं नाहीस, ताप होता तुला. आता सोनमाळला कुणालाही विचार.

मी आजच्या गाडीनं हैदराबादला निघालो आहे. मरजान जमादार मला दारात उभं करणार नाहीत. मी उभा राहीन. त्यांच्या वस्तीत म्हातारे आहेत, म्हाताऱ्या आहेत, कुणाचा तरी काका, कुणाचा तरी भाऊ मराठी मुलखात चाकरीला गेला आणि परत आला नाही, असं कुणीतरी असेल. पाया पडायची वेळ आली तर पडेन. तुझ्या पडलो नसतो.

तोवर हळदीकुंकवाला आलेल्या बायका तिला टोचून विचारतील, बाई, नवऱ्याचं नाव तरी सांग. तिला गप्प बसू देऊ नकोस, आणि तूही मान खाली घालू नकोस. सांगायचं, माणूस गेलाय आणायला.

व्यंकट